उंबराखालचे पेले

१

म्हशीच्या जिभेचा तो आवाज मी ऐकला तेव्हा सहा वर्षांचा असेन. आमच्या गावच्या घरी म्हैस व्याली आणि चार दिवसांत रेडकू मेलं. म्हैस पान्हा चोरायला लागली. मग बापाने त्या रेडकाची कातडी सोलली, वाळवली, आत पेंढा भरला, खाली चार काठ्या लावल्या आणि ते म्हशीपुढे नेऊन उभं केलं. म्हैस त्याला चाटायला लागली. खर्र, खर्र. प्रत्येक चाटण्याबरोबर आतला पेंढा कुरकुरायचा. दूध काढून होईपर्यंत ती चाटत राहिली.

मी बापाला विचारलं, "तिका कळणा नाय?"

बाप धारेवरचं लक्ष न काढता म्हणाला, "कळता. तरी चाटता."

ही गोष्ट मी फक्त माझ्या बायकोला, मालनला सांगितली होती. ती जाऊन अकरा वर्षं झाली. त्यानंतर कुठल्या माणसाला सांगितल्याचं आठवत नाही.

२

माझं नाव लवू. शाळा चौथीपर्यंत. गिरणी बंद पडल्यावर मिळेल ते काम केलं आणि शेवटी अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत माळी म्हणून लागलो. औषधाच्या बाटल्यांची झाकणं बनवणारी कंपनी. पुढे गेटपाशी शोभेच्या कुंड्या, आणि मागे, शेडच्या पलीकडे, नाल्याच्या भिंतीपर्यंत पाऊण एकराची मोकळी जागा. तिथे एक मोठा उंबर, दोन शेवगे, थोडं रान आणि मधोमध एक खोलगट डबकं. बावीस वर्षं ही जागा मी सांभाळली. तिथे काही लावलं नाही फारसं. उपटलं नाही, एवढंच.

गेल्या वर्षी गणपती गेल्यावर कंपनीत गार्गी आली. पंचविशीतली मुलगी, पाठीवर पिशवी, पायात गमबूट. ती ज्या संस्थेत काम करते ती संस्था कंपन्यांना मोजून सांगते, की तुमच्या जागेत काय काय जगतं, तुमच्यामुळे त्याला किती त्रास होतो, आणि तो कमी कसा करायचा. आमच्या साहेबांना मागच्या जागेवर गोदाम बांधायचं होतं. पण परदेशातल्या गिऱ्हाइकांनी आधी मोजणी करा म्हणून सांगितलं. तेव्हा ठरलं असं, की महिनाभरात पस्तीस प्रजाती सापडल्या तर जागा आहे तशी ठेवायची. कमी पडल्या तर गोदाम, आणि बदल्यात दुसरीकडे कुठेतरी रोपं.

हे मला सर्वेशने सांगितलं. तो कंपनीची इमारत, पाणी, वीज बघतो. तोंडाने फटकळ, पण मनाने वाईट नाही.

"लवूकाका, पस्तीस म्हणजे डोक्यावरून पाणी," तो म्हणाला. "तुमच्या त्या डबक्यात डास सोडून काय आहे? आरेतून एखादा बिबट्या उचलून आणा, आकडा एकदम झकास!"

"बिबट्या एकच धरतील," गार्गी म्हणाली. "पस्तीस वेगवेगळे पाहिजेत."

"मग बिबट्याच्या अंगावरच्या पिसवा पण मोजा ना यार."

ती हसली. मी पण हसलो. पण घरी येऊन जेवण गेलं नाही. त्या उंबराखाली बसून बावीस वर्षं मी डबा खाल्ला होता.

३

मोजायची पद्धत साधी होती. उंबराखाली आणि डबक्याच्या कडेने बारा प्लास्टिकचे पेले जमिनीत पुरायचे, तोंड जमिनीच्या पातळीला. बुडाला भोकं, म्हणजे पाणी साचून जीव मरायला नको. रात्री चालणारे किडे आत पडतात. सकाळी मी पेला उचलून पांढऱ्या ताटात रिकामा करायचा, गार्गीने फोटो काढायचे, वहीत लिहायचं, आणि मी सगळं परत पाल्याखाली सोडायचं. फांदीला एक छोटं यंत्र टांगलं होतं. ते दिवसरात्र आवाज टिपायचं.

गार्गी कशालाच हात लावायची नाही. तो त्यांचा नियम. "आपण बघायला आलोय काका, छळायला नाही," म्हणायची. हात लावायचा तो मी.

पहिल्या आठवड्यात अकरा झाल्या. मुंग्याच तीन प्रकारच्या.

संध्याकाळी पाच वाजता ती स्टुलावर बसून जे असायला हवं होतं पण सापडलं नाही त्याची यादी मोठ्याने वाचायची. मला वाचायचा त्रास आहे हे तिच्या लक्षात आलं होतं. चित्रं दाखवून विचारायची, "हा पिवळ्या पट्ट्यांचा बेडूक? ही शंखी गोगलगाय? हा लाल पाठीचा वाणी किडा? पूर्वी बघितलाय इथे?"

"असेल," मी म्हणायचो. "दिसेल."

"काका, तुमचे हे दोन शब्द मी अहवालाच्या पहिल्या पानावर छापणार आहे."

हा तिच्या स्वतःच्या नावावरचा पहिला अहवाल होता. आपल्या डब्यातली अर्धी पोळी ती रोज माझ्या डब्याच्या झाकणावर ठेवायची. मला मुलगी नाही.

मग मी एक गोष्ट केली. आमच्याकडे नारळाच्या मुळाशी मासळीची घाण पुरतात. झाड जोर धरतं, माती जिवंत होते. मी बाजारातल्या कोळणीकडून रोज एक पिशवी घाण आणायला लागलो. आतडी, कल्ले, खवले, डोकी. गार्गी गेली की डबक्याच्या कडेला खड्डा खणायचा आणि ओतायची. आणि नुसतं ओतायचं कसं, म्हणून गाऱ्हाणं घातलं. गावाला कुठलंही काम काढताना घालतात तसं. थट्टाही होती त्यात थोडी. म्हणालो, "बा म्हाराजा, ह्या जाग्याच्या राखणदारा, ह्या पोरीच्या कागदार जां जां नाय, तां तां तू दाखव रे म्हाराजा."

गाऱ्हाण्याला बाकीच्यांनी 'होय म्हाराजा' म्हणायचं असतं. बाकी कोणी नव्हतं. मीच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिवळ्या पट्ट्यांचा बेडूक पेल्यात होता.

४

पुढच्या दहा दिवसांत आकडा एकोणतीसवर गेला. यादीतलं संध्याकाळी जे वाचावं ते सकाळी पेल्यात. गार्गी नाचायची बाकी होती. "काका, ही जागा म्हणजे खजिना आहे!" सर्वेशने येऊन ताटात डोकावून बघितलं, नाकाला रुमाल लावला आणि म्हणाला, "वास कसला मारतोय पण? कोणी मेलंय का इथे?"

वास माझ्या खड्ड्याचा होता. मी काही बोललो नाही. खड्डा रोज नवा खणावा लागत नव्हता, हेही बोललो नाही. आदल्या दिवशी ओतलेलं सकाळी तिथे नसायचं. मुंगूस नेत असेल, घुशी असतील. पण उकरल्याची खूण नव्हती. माती नुसती खाली बसलेली आणि वरून तुळतुळीत ओली, चाटल्यासारखी.

रोज संध्याकाळी घाण ओतताना मी जागेशी बोलायचो. झाडांशी बोलायची सवय जुनीच आहे. माणसांत मला शब्द सुचत नाहीत, तिथे सुचतात. मालनबद्दल बोललो, गिरणीबद्दल बोललो. गावच्या म्हशीचंही कधीतरी सांगितलं असणार.

त्या बेडकाबद्दल सांगायचं तर असं झालं. तो ताटात बसला होता. गार्गी फोटो काढत होती. बेडकाच्या गळ्याखालची कातडी सारखी खालीवर होत असते. याची होत नव्हती. मी वाकून बघितलं. डोळे होते, पट्टे होते, बोटं होती. तो गार्गीकडे तोंड करून बसला होता. ती दुसऱ्या बाजूला गेली. मी नजर हलवली नाही, आणि तरी तो कधी वळला ते मला दिसलं नाही. तो पुन्हा तिच्याकडे तोंड करून बसला होता.

सोडायला म्हणून मी त्याला मुठीत घेतलं. लहानपणी मी शेकडो बेडूक धरले आहेत. बेडूक मुठीत धडपडतो, कंबरेची दोन हाडं तळव्याला टोचतात. हा ओल्या कणकेच्या गोळ्यासारखा बसला. बोटं जिथे दाबली तिथे खड्डे पडले, आणि ते हळूहळू भरून आले.

मी त्याला पाल्याखाली ठेवलं आणि नळावर जाऊन हात धुतले. साबणाने तीनदा धुतले. बुळबुळ गेली नाही. मनाला समजावलं, पावसाळा संपतोय, आजारी असेल. बेडकांनाही रोग होत असतील.

५

आकडा एकोणतीस झाला त्या संध्याकाळी गार्गी कपाळाला आठ्या घालून बसली होती. कानात यंत्राची वायर.

"काका, गंमत बघा. एवढे बेडूक, एवढे रातकिडे, आणि यंत्रात काहीच नाही. दोन आठवडे नुसती शांतता. मशीन तर चालू आहे, विमानाचे आवाज आलेत."

"असेल," मी म्हणालो.

"आवाजाची नोंद नाही हा मोठा दोष धरतील हो. लिहावं लागेल. आवाज नाही."

ती गेली. मी पिशवी ओतली. त्या दिवशी गाऱ्हाणं घालायची इच्छा नव्हती, पण सवयीने तोंडातून निघालं. 'तां तां तू दाखव रे म्हाराजा' म्हणालो आणि खोकला आला. 'होय म्हाराजा' राहिलं.

डबक्यातून कोणीतरी ते म्हटलं.

शब्द नव्हते ते. चिखलात रुतलेला पाय उपसताना होतो तसा आवाज, पण दोन तुकड्यांत, माझ्याच चालीवर. मी पिशवी तिथेच टाकून गेटवर आलो. ऊन होतं अजून. रिक्षा चालल्या होत्या. वर विमान उतरत होतं. मला माझीच लाज वाटली. नाल्यात गॅस होतो, बुडबुडे येतात, हे मला ठाऊक नाही काय?

सकाळी यंत्रात आवाज होते. गार्गीने माझ्या कानाला वायर लावली. बेडूक म्हणून जो आवाज तिने दाखवला आणि रातकिडा म्हणून जो दाखवला, ते दोन्ही एकाच घशातून निघत होते. तिला ते ऐकू येत नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मी वायर काढून परत दिली.

त्या दिवशी मी एक शंखी गोगलगाय सोडायच्या निमित्ताने उंबरामागे नेली आणि दगडाने फोडली. शंख फुटला नाही. ओल्या पापडासारखा वाकला आणि फाटला. आत राखाडी लगदा. त्यात मासळीचे खवले चमकत होते, आणि एक कल्ल्याचा लाल तुकडा. मग मी एक वाणी मोडला. तोच लगदा. एक फुलपाखरू बोटांत धरलं. पंखांची पूड लागायच्या ऐवजी पंखच बोटांना चिकटले, साय चिकटते तसे. आत तेच. माझ्याच पिशवीतलं, मीच ओतलेलं.

मला तिथेच ढवळून आलं. पण उलटी झाली नाही, कारण खाली पाल्यावर जे फुटलं होतं ते तीन ठिकाणांहून हळूहळू एकमेकांकडे सरकत होतं. मी उलटी गिळली. तिथे पाडावीशी वाटली नाही.

आणि तरीही मी गार्गीला काही सांगितलं नाही. आकडा तेहेतीस होता. दोन कमी. यापेक्षा घाणेरडी गोष्ट मी आयुष्यात केलेली नाही.

६

चौथ्या आठवड्याच्या सोमवारी आकडा सदतीस झाला. मी पिशवी आणणं बंद केलं होतं. आकडा थांबला नाही.

गार्गीने अहवालाचं शेवटचं पान काढलं. "आता फक्त हे राहिलं, काका. जागेची राखण कोण करतं." तिने पेन चावलं. "तुम्ही एकटेच ना? तुमच्यानंतर?"

"कोणी नाही."

"मग असं लिहावं लागेल, की राखणारा माणूस एकच, वय सत्तर. तो नसेल तर कोणी नाही." तिला वाईट वाटलं असावं. लगेच म्हणाली, "वाईट अर्थाने नाही हं. उणीव लिहावी लागते."

ती हे मोठ्याने म्हणाली. डबक्याच्या कडेला बसून.

मी तिचा हात धरून तिला उठवलं. कधी तिला हात लावला नव्हता. "बाय, इथे मोठ्याने वाचू नको," म्हणालो. मग हळूच म्हणाली, "काका, तुम्हाला ताप आहे. हात केवढा गरम आहे. घरी जा बघू."

खरंच ताप होता. घरी पोचेपर्यंत ओकाऱ्या सुरू झाल्या. आमची खोली एकच आहे, मोरी कोपऱ्यात. सून नीलम माझी पाठ धरून बसली होती. "बाबा, काय खाल्लंत हो बाहेर?" ती मोरीत पाणी ओतत विचारत होती. मोरीत काय पडतंय ते बघायची मला हिंमत होत नव्हती. नीलमने बघितलं असेल. तिने फिनाईलची बाटली सगळी रिकामी केली.

मंगळवार आणि बुधवार मी अंथरुणावरून उठलो नाही. हे मी शपथेवर सांगतो. नीलमला विचारा.

पडल्यापडल्या मी ठरवलं. जागा गेली तर गेली. उद्या जाऊन त्या पोरीला सगळं सांगायचं.

७

गुरुवारी सकाळी साडेसातला मी गेटवर पोचलो. रजिस्टरमध्ये सही करताना वॉचमन दादू म्हणाला, "काय लवू, आज परत सही? आताच तर आत गेलास."

दादू अर्धा वेळ झोपेत असतो. मी सोडून दिलं.

गार्गी मागच्या जागेच्या दारापाशी भेटली. पिशवी भरलेली, गमबूट काढून चप्पल घातलेली. मला बघून खुदकन हसली.

"झालं काका! काल रात्री पाठवून दिला अहवाल. एक्केचाळीस! सर्वेशने वर कळवलं पण. गोदाम रद्द."

मी म्हटलं, "मला तुझ्याशी बोलायचंय, बाय. मी दोन दिवस आलो नाही, ताप होता."

"आला नाहीत?" ती हसतच होती. "मग काल दिवसभर पेले कोणी उचलले? मी?"

"मी घरी होतो."

"काका, मस्करी पुरे. गप्प होतात जरा, पण तुम्ही नेहमीच गप्प असता. 'असेल, दिसेल.' हातांना तो माशाचा वास, तो पण होताच." तिने नाक मुरडलं. मग आवाज मऊ करून म्हणाली, "आणि डबा खाताना तुम्ही ते सांगितलंत ना. मी रात्री झोपले नाही त्यामुळे."

"काय सांगितलं?"

"रेडकाचं. पेंढा भरलेल्या. ती म्हैस चाटायची, आणि आत कुरकुर वाजायचं."

दाराची कडी माझ्या हातात होती. ती मी किती वेळ धरून होतो ठाऊक नाही. पलीकडून बेडूक ओरडत होते. भर सकाळी, सगळे एका वेळी, आणि सगळे एका वेळी थांबत होते.

८

तिला मी आत नेलं. ती यायला तयार नव्हती, उशीर होत होता. मी म्हटलं, एकदा, माझ्यासाठी.

पहिल्याच पेल्यात बेडूक होता. तो बाहेर पडायची खटपट करत नव्हता. वर बघत होता. मी त्याला उचलून तिच्यापुढे धरलं.

"काका, हात नका..."

मी मूठ आवळली. बोटांच्या फटींतून राखाडी लगदा चारही बाजूंनी बाहेर आला. हाड मोडल्याचा आवाज नाही, रक्त नाही. कुजक्या मासळीचा भपकारा आला. माझ्या मनगटावरून ते ओघळलं आणि त्यात खवले होते, उन्हात चमचमणारे. बेडकाचं तोंड अजून माझ्या अंगठ्याजवळ होतं, चपटं झालेलं, आणि त्याचे दोन्ही डोळे वळून तिच्याकडे झाले.

गार्गी वाकली आणि बाजूच्या रानात ओकली. मी दुसऱ्या हाताने तिची पाठ धरणार होतो. धरली नाही.

"सगळं असंच आहे," मी म्हणालो. "एक्केचाळीस नाहीत, बाय. एकच आहे. मीच त्याला खायला घातलं. तू वाचायचीस आणि ते व्हायचं. तो अहवाल परत घे. गोदाम बांधू देत, सिमेंट ओतू देत इथे. लवकर."

तिने तोंड पुसलं. तिचे ओठ पांढरे पडले होते. ती शहाणी मुलगी आहे. माझ्या हातावरचा लगदा तिने नीट बघितला, आयुष्यात प्रथमच बोट लावून बघितला. तिला पटलं. पटलेलं मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि मला इतकं हलकं वाटलं की डोळे भरून आले.

मग तिने मान वर केली आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे बघितलं.

मी वळलो. उंबराच्या खोडामागे खाकी शर्टाची पाठ दिसत होती. उकिडवं बसून कोणीतरी पेला जमिनीत बसवत होतं. पेल्याभोवतीची माती मी अंगठ्याने दाबतो, गोल फिरवत. ते तसंच दाबत होतं. माझ्या शर्टाला खांद्यावर नीलमने लावलेलं ठिगळ आहे. त्यालाही होतं, पण शिवणीशिवाय, नुसता वेगळा रंग. मानेवरचे पांढरे केस ओले होते. त्याने मान वळवली नाही. वळवायला लागलं, तेवढ्यात मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा खोडामागे पेला होता. बाकी कोणी नव्हतं.

"बघितलंस ना?" मी गार्गीला म्हटलं. "मी हा इथे आहे. तो दुसरा तिथे होता."

ती माझ्याकडे बघत होती. आधी तोंडाकडे, मग गळ्याकडे, जिथे श्वास हलतो तिथे. मग तिने माझा स्वच्छ हात धरला. डॉक्टर नाडी बघतात तसा नाही. मनगटावर दोन्ही अंगठे ठेवून ती दाबायला लागली.

"दाब, बाय," मी म्हटलं. "चांगला दाब. हाड आहे."

ती दाबत राहिली. मीही बघत राहिलो. तिचे अंगठे मला वाटलं त्यापेक्षा जरा जास्त आत गेले. सत्तरीला कातडी सैल होते, मांस झडतं, तापातून उठलेलं अंग. मला दुखलं नाही, पण मला हल्ली फारसं दुखत नाही. तिने अंगठे काढले. मनगटावर दोन खड्डे राहिले होते. ते भरून यायची आम्ही दोघं वाट बघत होतो.

"नीलमला विचार," मी म्हणालो. "फोन लाव तिला. दोन दिवस मी घरात होतो."

गार्गीने ओढणीच्या टोकाला अंगठे पुसले. एकदा पुसले, मग बोटं वेगळी करून पुन्हा पुसले. खाली पडलेली पिशवी उचलली. मी एक पाऊल पुढे टाकलं तशी ती दोन पावलं मागे सरली. मग पाठ फिरवून दारातून निघून गेली.